रांजणातील खडे

विनोदाला कोणता विषय वर्ज्य असावा, या प्रश्नाचा खल आपल्या वाङ्मयात पुष्कळ झालेला आहे. परक्याच्या व्यंगाला हसू नये, दारिद्र्याला हसू नये, आणि मरणाला तर मुळीच हसू नये, अशी सुसंस्कृत माणसाची सर्वसाधारण समजूत असते, व ती रास्तही आहे. परंतु थोर विनोदकारांनी ही मर्यादा नेमकी मरणाच्या उंबरठ्यावरच ओलांडलेली दिसते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'त तळीराम आणि त्याचे मद्यपी मंडळ यांच्या लीलांना प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि त्याच नाटकात सिंधूची व तिच्या बाळाची दशा पाहून तेच प्रेक्षक डोळे पुसतात. ज्या प्याल्याने हसविले तोच प्याला पुढे जीव घेतो. हसणाऱ्याला आपण कशाला हसलो याचा मागाहून विचार करावयास लावणे, हे ज्या विनोदाला साधते त्याला विषयाची मर्यादा घालणे कठीण आहे.

हा विचार मनात येण्याचे निमित्त म्हणजे चार्ली चॅप्लिन याचा 'मस्यू व्हर्दू' हा बोलपट. दुसरे महायुद्ध संपल्यावर दीड-पावणेदोन वर्षांनी, एप्रिल १९४७ मध्ये, तो न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविला गेला. हॉलिवुडमध्ये त्या काळी हास्य आणि रहस्य यांची सांगड घालणारे बोलपट बरेच निघत. हाही वरवर पाहता त्यांतलाच एक. खून आहेत, विष आहे, मागावर असलेला गुप्त पोलीस आहे, आणि पदोपदी हसण्याची सोय आहे. खुद्द चॅप्लिननेच त्याला 'खुनांची सुखात्मिका' अशा अर्थाचे उपशीर्षक दिले होते. पण ढगळ विजार, तोकडा कोट, हातातील काठी आणि चिमुकली मिशी घेऊन अवघ्या जगाला हसविणारा तो भटक्या या बोलपटात कोठेच नाही. त्याच्या जागी उंची पोशाखातील, मधुर बोलणारा, फुले हुंगणारा एक प्रौढ गृहस्थ आपल्यापुढे येतो. आणि हा गृहस्थ श्रीमंत स्त्रियांशी विवाह करून त्यांचे खून करण्याचा धंदा करतो.

या कथेला सत्याचा आधार होता. मूळ कल्पना ऑर्सन वेल्स याची, हे श्रेय बोलपटाच्या आरंभीच दिलेले आहे. आणि ती कल्पना ज्यावर उभारली तो आंरी लांद्रू हा फ्रान्समधील खराखुरा गुन्हेगार. पहिल्या महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांतून विवाहाच्या जाहिराती देऊन तो एकाकी स्त्रियांना गाठीत असे. दहा स्त्रिया आणि त्यांपैकी एकीचा तरुण मुलगा, अशा अकरा जणांच्या खुनांबद्दल त्याला दोषी ठरविण्यात आले, आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये व्हर्साय येथे गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. या लांद्रूपाशी एक टिपणवही सापडली. तीत त्याने आपला जमाखर्च मोठ्या नेटकेपणाने लिहिला होता. शहराबाहेरील घरी जातानाच्या रेल्वेतिकिटांची नोंदसुद्धा तीत होती: स्वतःसाठी जाण्यायेण्याचे तिकीट, बरोबरच्या स्त्रीसाठी फक्त जाण्याचे. साऱ्या खटल्यात याहून भयंकर पुरावा दुसरा नसेल. आणि हे सर्व चालले होते तेव्हा शेजारच्याच रणांगणावर माणसे लाखांनी मरत होती. त्या लाखांच्या गर्दीत दहा-अकरांची नाहीशी होण्याची गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही आली नाही.

चॅप्लिनने हा जमाखर्च उचलला आणि त्यातून हास्य निर्माण केले. त्याचा व्हर्दू हा तीसपस्तीस वर्षे इमानेइतबारे बँकेत राबलेला कारकून. मंदीच्या लाटेत त्याला कामावरून दूर करण्यात आले. घरी चाकांच्या खुर्चीला खिळलेली पत्नी आणि एक लहान मुलगा. त्यांच्या पोषणासाठी त्याने हा नवा व्यवसाय पत्करला आहे, आणि तो व्यवसायाच्याच शिस्तीने चालविला आहे. फ्रान्सभर त्याच्या नाना नावांच्या गृहस्थ्या पसरलेल्या. आज या गावी, उद्या त्या गावी अशी त्याची सदैव धावपळ. बँक बंद होण्यापूर्वी अमुक रक्कम भरावयाची आहे असा निरोप आला की त्या रात्री एका स्त्रीचे आयुष्य संपते. दुसऱ्या दिवशी तो नोटा मोजतो. आणि त्या मोजताना त्याची बोटे इतक्या विलक्षण चपळाईने चालतात की सारे प्रेक्षागृह हसून लोटपोट होते. जुना कारकून तो. बोटांची सवय गेली नाही. बागेत धुरांडे तीन दिवस धुमसत आहे, शेजारणी कुरकुर करीत आहेत, आणि हा गृहस्थ मात्र वाटेवरचा सुरवंट पायाखाली सापडू नये म्हणून त्याला अलगद उचलून बाजूला ठेवतो. घरी मुलाने मांजराची शेपटी ओढली तर त्याला हिंसेपासून हिंसाच निपजते असा उपदेश करतो.

त्याचा सगळा हिशेब एका बाईपुढे मात्र चुकतो. अॅनाबेला ही त्याची एक पत्नी: मोठ्याने बोलणारी, खदखदा हसणारी, नशिबावर अपार विश्वास असणारी. हिच्यासाठी सिद्ध केलेल्या विषाच्या बाटलीची अदलाबदल होते आणि आपणच विष प्यालो या समजुतीने व्हर्दूचीच गाळण उडते. तिला नावेतून तळ्यात बुडवावयास नेतो, तो स्वतःच पाण्यात पडतो, आणि तीच त्याला बाहेर ओढून काढते. मार्था रे या नटीने ही भूमिका इतक्या बेफाम उत्साहाने केली आहे की चॅप्लिनसारख्या कसलेल्या नटावरही तिने कित्येक ठिकाणी मात केली आहे असे म्हणावयास हरकत नाही. प्रेक्षक हसत असतो तो एका खुनाच्या प्रयत्नाला, हे त्याला ठाऊक असते. तरी हसू आवरत नाही. खुन्याच्या फजितीला हसण्यात पाप नाही अशी तो मनाची समजूत घालतो.

पुढे डाव उलटतो. शेअरबाजार कोसळतो, खुनांतून साठविलेली संपत्ती एका दिवसात नाहीशी होते, आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ती पत्नी व मुलगाही जातात. थकलेला, वृद्ध व्हर्दू अखेरीस आपण होऊन पकडला जातो. न्यायालयात तो आपला बचाव करीत नाही. उलट न्यायाधीशांनाच एक हिशेब दाखवितो. संहाराची शस्त्रे सामुदायिक खुनासाठीच तयार होत आहेत. अजाण स्त्रियांच्या आणि मुलांच्या चिंधड्या शास्त्रशुद्ध रीतीने उडविल्या जात आहेत. त्या मानाने मी केवळ एक हौशी, असा त्याच्या बोलण्याचा आशय. तुरुंगात भेटावयास आलेल्या वार्ताहराला तो सांगतो की एकाला मारणारा अपराधी ठरतो, लाखोंना मारणारा वीर ठरतो; आकडा मोठा झाला की कृत्य पवित्र होते. हा विचार मुळात चॅप्लिनचा नव्हे. अठराव्या शतकात बीलबी पोर्टियस नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो पुढे बिशप झाला, मृत्यूवरील आपल्या काव्यात तो मांडला होता. धर्मपीठाशेजारच्या माणसाने तो उच्चारला तेव्हा तो सुभाषित ठरला, आणि फाशीगेटात उभ्या असलेल्या विदूषकाने उच्चारताच राजद्रोहासारखा वाटला, यात काळाचा आणि वक्त्याचा फरक दिसतो.

अमेरिकेत या बोलपटाचे स्वागत कसे झाले ते प्रसिद्ध आहे. पटकथेलाच आधी तेथील नीतिनियामक मंडळाने हरकत घेतली होती. प्रदर्शनानंतर वार्ताहरांच्या सभेत चॅप्लिनला बोलपटाविषयी थोडे आणि त्याच्या राजकीय मतांविषयी व नागरिकत्वाविषयी फार विचारण्यात आले. जेम्स एजी या समीक्षकाने तेथे आणि पुढे आपल्या लेखांतून त्याचा कैवार घेतला. मेम्फिस शहरात बोलपटावर बंदी आली, माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला, आणि अखेर चॅप्लिनला तो मागे घ्यावा लागला. १९५२ साली तो परदेशी निघाला असता त्याचा परतीचा परवाना रद्द झाला आणि पुढली वीस वर्षे त्याने त्या देशात पाऊल ठेवले नाही. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये बोलपट पुन्हा लागला तेव्हा मात्र लोकांनी गर्दी केली. युद्ध जिंकून आलेल्या राष्ट्राला, विजयाचा गुलाल अंगावर ताजा असताना, आकड्यांचा हा हिशेब दाखविणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याने कर्जाची वही उघडण्यासारखे होते. हा प्रमाद लोक सहज विसरत नाहीत.

इतकी हकीकत कोणत्याही चरित्रग्रंथात सापडेल. ती येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. आमचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा, आणि तोही वर्ध्यासारख्या गावी. व्याजोक्ती हा प्रकार विद्यार्थ्यांना समजावून देताना स्विफ्टचा १७२९ सालचा तो विख्यात निबंध आम्ही घेतो. आयर्लंडातील दरिद्री लोकांची एक लाख मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावी, असा प्रस्ताव त्यात स्विफ्टचा हिशेबी लेखक गंभीर चेहऱ्याने मांडतो. विद्यार्थी अशा वेळी बावरतात. हसावे की रागवावे हे त्यांना उमगत नाही. म्हणून त्याला जोड म्हणून 'मस्यू व्हर्दू' दाखविण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. तळ्यावरच्या नावेच्या प्रसंगाला वर्ग दणाणून जातो. शेवटी गिलोटिनकडे जाणाऱ्या त्या पाठमोऱ्या आकृतीपाशी शांत होतो. मग चर्चा. बहुतेक मुले व्हर्दू दोषी की निर्दोष एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात. परंतु एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने निराळेच विचारले.

तो प्रश्न कळण्यासाठी बोलपटातील आणखी एक पात्र सांगितले पाहिजे. नव्या विषाची परीक्षा पाहण्यासाठी व्हर्दू एका पावसाळी रात्री रस्त्यावरून एका निराधार तरुणीला घरी आणतो. ती नुकतीच तुरुंगातून सुटलेली. काखेत मांजराचे पिल्लू. जिच्या मागे रडणारे कोणी नाही अशी ही व्यक्ती प्रयोगास योग्य, असा त्याचा हिशेब. तो तिच्या पेल्यात विष घालतो. बोलता बोलता कळते की तिचा नवरा युद्धात जायबंदी झाला होता, आणि त्या पंगूची तिने मुलासारखी सेवा केली होती. व्हर्दूला आपली खुर्चीला खिळलेली पत्नी आठवते. बुचाचा तुकडा पडला आहे अशी सबब सांगून तो पेला उचलून नेतो, दुसरा देतो, आणि वर पैसे देऊन तिला वाटेला लावतो. पुढे कित्येक वर्षांनी ती त्याला भेटते ती ऐश्वर्यात. एका दारूगोळ्याच्या कारखानदाराने तिला आश्रय दिलेला असतो. तोच धंदा आपण करावयास हवा होता, असा उद्गार व्हर्दू काढतो; त्याला आता लवकरच भरपूर नफा होणार आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, त्या दारूगोळ्यावाल्याचं मग का झालं? त्याले दाखवलंच नाही." वर्गात हशा पिकला. पण मुलगा हसत नव्हता. हा मुलगा पुलगावच्या बाजूच्या एका खेड्यातला. नंतर सहज विचारपूस केली तेव्हा तो म्हणाला की त्यांच्याकडे कधीमधी लांबून धमाका ऐकू येतो, फळीवरची भांडी थरथरतात, आणि आई नुसते म्हणते, आज जुना माल उडवून राहिले.

वर्धा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. वर्धा शहरापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे, आणि त्याच शहरापासून मुंबईच्या दिशेने आगगाडीने तासाभराच्या आत येणारे पुलगाव आहे. पहिल्या ठिकाणी एप्रिल १९३६ पासून गांधीजींचा निवास होता. दुसऱ्या ठिकाणी भारतीय सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. देशातील सर्वांत मोठ्या शस्त्रसाठ्यांपैकी ते एक गणले जाते. अहिंसेची प्रयोगशाळा आणि दारूगोळ्याचे कोठार एकाच जिल्ह्यात, एकाच लोहमार्गाच्या आसपास नांदावीत, ही व्याजोक्ती कोणा स्विफ्टने रचलेली नाही. इतिहासाने सहज रचली आहे. आम्ही येथील रहिवासी तिच्याकडे पाहतही नाही. पाहुणे आले की सेवाग्राम दाखवितो. पुलगाव हे आमच्या लेखी केवळ एक स्टेशन.

चॅप्लिनचा आणि सेवाग्रामचा संबंध अगदीच दूरान्वयाचा आहे असे नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गांधीजी लंडनला गेले असता, पूर्व भागातील गोरगरिबांच्या वस्तीत डॉ. कटियाल यांच्या घरी या दोघांची भेट झाली. सरोजिनी नायडूही तेथे होत्या. गांधीजींनी चॅप्लिनचे नाव तोवर ऐकलेही नव्हते. बोलपटांविषयी त्यांचे मत मुळीच अनुकूल नव्हते. आपण कधी चित्रपटगृहात गेलो नाही, हे त्यांनी सरकारने नेमलेल्या चित्रपट समितीला १९२७ साली कळविले होते. चॅप्लिनने त्यांना एकच शंका विचारली: यंत्रांना आपला एवढा विरोध का? गांधीजींनी सांगितले की यंत्रांनी हिंदुस्थानला इंग्लंडचे अंकित केले आहे, आणि ते अंकितपण जावयाचे तर यंत्राच्या मालावाचून निभावता आले पाहिजे. म्हणून स्वतःचे सूत स्वतः कातणे हे देशकार्य आहे. हे संभाषण चॅप्लिनने आत्मचरित्रात आदराने नमूद केले आहे. १९३६ साली त्याचा 'मॉडर्न टाइम्स' आला, आणि यंत्राच्या दात्यांत सापडलेला माणूस जगाने पाहिला. त्या भेटीचा या कृतीशी किती संबंध याचा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस एवढेच दिसते की दोघांच्या चिंतेचा विषय एक होता. माणूस मोजला जाऊ लागला की त्याचे काय होते, हा तो विषय.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार ज्या गृहस्थाने केला तोही आमच्या गावचाच म्हणावयास हवा. जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेले, पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले पंडित. गांधीजींनी ग्रामोद्योग संघ स्थापन केला तेव्हा त्याचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीत बसून त्यांनी चालविले. मगन संग्रहालय आजही तेथे उभे आहे. कारागृहात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला त्याला १९४५ साली गांधीजींनी प्रस्तावना दिली. त्यात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. सर्वांत खालची पायरी परोपजीवी व्यवहाराची: आपल्या लाभासाठी लाभाचे मूळच मारून टाकणाऱ्या वाघाची. सर्वांत वरची सेवेची: पिलाला चारा भरविणाऱ्या पक्षिणीची. व्हर्दू हा पहिल्या पायरीवर उभा राहून शेवटच्या पायरीची भाषा बोलतो. मी हे पिलांसाठी करतो, असे तो म्हणतो, आणि ते खोटेही नाही. कुमारप्पांनी दुसरी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. बाजारातून वस्तू विकत घेणारा माणूस केवळ किंमत मोजून मोकळा होत नाही. त्या वस्तूच्या उत्पत्तीत जर जुलूम आणि हिंसा असेल तर ग्राहकही त्या हिंसेचा भागीदार ठरतो. हिशेबतपासनिसाने लिहिलेले हे वाक्य आहे असे समजून वाचले म्हणजे त्याचा धाक वाटतो. लांद्रूच्या वहीत जी बाजू कोरी होती ती कुमारप्पांनी भरून दाखविली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बोलपटात दारूगोळ्याचा कारखानदार दिसत नाही. सारे खटले, सारे वार्ताहर, सारे धर्मोपदेशक एका व्हर्दूभोवती गोळा होतात. कारखानदार मात्र पडद्यावर येतच नाही. चॅप्लिनच्या कलेची ही उणीव आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. आमच्या मते बोलपटातील सर्वांत खरी गोष्ट हीच आहे. व्हर्दूला चेहरा आहे म्हणून त्याला फाशी देता येते. मोठ्या संहाराला एकट्याचा असा चेहरा नसतो; तो कर भरणाऱ्यांचा, भाग खरेदी करणाऱ्यांचा, आज्ञा पाळणाऱ्यांचा आणि सकाळी वर्तमानपत्र वाचून उसासा टाकणाऱ्यांचा मिळून होतो. त्यात आपण सर्व आलो.

येथे गैरसमज नको. देशाला सैन्य हवे, आणि सैन्याला दारूगोळा हवा; स्वतंत्र राष्ट्राचा संसार यावाचून चालत नाही हे सेवाग्रामच्या सावलीत राहूनही आम्हांस मान्य आहे. पुलगावच्या कोठारात राबणारी माणसे गुन्हेगार नव्हेत. संकटात प्रथम तीच सापडतात. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तेथे भयंकर आग लागली. ती विझविताना आणि स्फोटांत दोन सेनाधिकारी व अग्निशामक दलातील जवान धरून पंधराहून अधिक जणांनी प्राण गमावले. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट होऊन सहा माणसे गेली. त्यांत पेट्या उतरवून घेण्याच्या कामावर असलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. शत्रूवर कधी न उडालेला, जुना होऊन टाकाऊ ठरलेला तो माल. त्या सकाळी कोणतेही युद्ध चालू नव्हते. वर्तमानपत्रांत आकडा आला, मदतीची रक्कम आली, चौकशीची घोषणा आली. दोनचार दिवसांत ती बातमी आतल्या पानांवर गेली. सहा हा आकडा लहान होता. तो माणसाला खुनी ठरविण्याइतका नव्हता आणि वीर ठरविण्याइतकाही नव्हता. असल्या आकड्यांची नोंद कोणत्या वहीत करावी हे व्हर्दूच्या गणितात सांगितलेले नाही.

म्हणूनच व्हर्दूचे ते तुरुंगातील भाषण कितीही टाळ्या घेणारे असले तरी ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. मोठ्या चोराकडे बोट दाखविल्याने लहान चोर साव होत नाही, हे तर उघडच आहे. पण दोष याहून खोल आहे. संख्येने पाप धुतले जाते असे म्हणणाऱ्या जगाची तो निंदा करतो, आणि त्याच वेळी संख्येच्याच तागडीत स्वतःला घालून मी हलका भरलो म्हणून समाधान मानतो. जगाचा न्याय खोटा म्हणावा, आणि आपला निवाडा मात्र त्याच न्यायाने करून घ्यावा, ही त्याची विसंगती आहे. चॅप्लिनला ती कळत नव्हती असे मात्र नाही. ज्याने नोटा मोजणारी ती बोटे इतकी हास्यास्पद करून दाखविली, त्याला मोजण्याचा हा रोग कोठवर गेला आहे हे पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी सांगून झाली आहे, आणि तीही लहान मुलांना. वाल्या कोळी वाटसरूंना लुटी, मारी, आणि प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकी. सात रांजण भरले. तोही व्हर्दूसारखाच कुटुंबवत्सल. हे सारे बायकामुलांसाठी. कथा वळते ती नारदाच्या प्रश्नापाशी. नारदाने वाल्याला पापाची संख्या विचारली नाही. रांजण किती भरले हा त्याचा प्रश्न नव्हता. ज्यांच्यासाठी भरले ती माणसे पापाची वाटेकरी होतील का, एवढेच घरी जाऊन विचारून ये, असे त्याने सांगितले. घरच्यांनी हात झटकले, आणि वाल्याचे डोळे उघडले. व्हर्दूची शोकांतिका ही की त्याला वाटेत नारद भेटला नाही. धर्मोपदेशक भेटला तो शेवटच्या दिवशी, पश्चात्तापाची प्रार्थना घेऊन. तोवर खुर्चीवरची ती पत्नी हे जग सोडून गेली होती. आपल्या पैशाचा उगम कोणता हे तिला त्याने कधी सांगितले नाही, आणि तिने विचारले नाही. न विचारण्यात किती सुख असते हे सुस्थितीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तथापि एकदा, फक्त एकदाच, व्हर्दूच्या हातून पेला परत घेतला गेला. त्या रात्री त्याला कोणी उपदेश केला नव्हता. समोरची मुलगी बोलू लागली, तिने आपली हकीकत सांगितली, आणि प्रयोगाचा नमुना म्हणून आणलेली व्यक्ती एकाएकी कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी आई झाल्यासारखी झाली. मोजणी थांबली. ज्या वसंत ऋतूत हा बोलपट न्यूयॉर्कमध्ये दाखविला जात होता, त्याच सुमारास आमच्या देशात माणसे धर्माच्या नावाखाली हजारांनी कापली जात होती आणि प्रत्येक पक्ष आपल्याकडील व परक्याकडील मृतांची संख्या समोरासमोर मांडून पुढील सूड पवित्र करीत होता. ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडून गेलेले गांधीजी तेव्हा नोआखालीची पदयात्रा संपवून बिहारच्या दंगलग्रस्त गावांत फिरत होते. ते सेवाग्रामला पुन्हा परत आलेच नाहीत. एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत जाऊन, एकेका विधवेसमोर बसून, तिचे ऐकून घेणे, हा त्यांचा उद्योग त्या काळी अनेक व्यवहारी लोकांना हास्यास्पद वाटला. लाखांच्या प्रश्नाला एकेकट्याने भेटून कसे पुरे पडणार, असे ते म्हणत. त्यांचे गणित बरोबर होते. पण हातातला पेला माघारी जावयाचा तर तो अशाच रीतीने जातो, हेही तितकेच बरोबर आहे.

आम्ही त्या मुलाला उत्तर काय दिले, असे वाचक विचारतील. आम्ही त्याला मगनवाडीत जाऊन कुमारप्पांचा ग्रंथ वाचावयास सांगितले, आणि पुढच्या तासाला त्याने वर्गापुढे चार शब्द बोलावे अशी सूचना केली. तो बोलला तो कुमारप्पांवर फारसा नाही. २०१८ च्या स्फोटात गेलेल्यांपैकी एक जण त्याच्या ओळखीच्या घरचा होता. त्या माणसाविषयी तो बोलला. त्याची सायकल कोणती होती, पोळ्याला तो बैलांची शिंगे कशी रंगवी, रोजी किती मिळे, कोणत्या पोरीचे लग्न ठरले होते. पाचसात मिनिटांचे ते बोलणे. त्यात पुलगावचे नाव एकदाच आले, आणि सहा हा आकडा एकदाही आला नाही. तळ्यावरच्या नावेला खदखदून हसलेली तीच मुले स्तब्ध बसून ऐकत होती.

'मस्यू व्हर्दू' आता घरबसल्या पाहण्याची सोय झाली आहे. ज्या घरांत मुले मोठी झाली आहेत तेथे तो सर्वांनी एकत्र बसून पाहावा अशी आमची शिफारस आहे. मुलांना मनसोक्त हसू द्यावे. चॅप्लिनने हसण्यासाठीच तो केला आहे. पण संपल्यावर लगेच दिवे लावून उठू नये. त्या वेळी मुले प्रश्न विचारतात, आणि त्यांतला एखादा आपल्या घरातील पैशाच्या उगमापर्यंत येऊन पोहोचण्याचा संभव असतो. तो आला तर वाल्याच्या घरच्यांसारखे हात झटकू नयेत, आणि जमल्यास आपली वही उघडून त्यांच्यासमोर ठेवावी.